सागराने परत केलेला ऐवज

ज्या लाटा एरवी शंखशिंपले वाळूवर ठेवून जातात, त्यांनीच बाटल्या, झाकणे, तुटक्या दोऱ्या आणि चपला यांची रास आणून टाकलेली पाहून व्यथित झालेल्या अँजेला हेझेल्टाइन पोझी या कलाशिक्षिकेने २०१० साली, अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पॅसिफिक महासागराकाठी वसलेल्या बॅन्डन गावी, ‘वॉश्ड अशोअर’ हा उपक्रम आरंभिला. स्वयंसेवकांनी किनाऱ्यावरून वेचलेला जिन्नस धुवावयाचा, रंगवार निवडावयाचा, कापून व छिद्रे पाडून तारेने शिवावयाचा, आणि त्यातून मासे, पक्षी, सील अशा, प्लास्टिकमुळे ज्यांच्या प्राणांवर बेतते त्याच जीवांच्या, प्रचंड आकृती उभारावयाच्या, असा तेथील शिरस्ता. पाण्याच्या बाटल्यांतून साकारलेला त्यांचा जेलीफिश तर मला विशेष प्रिय आहे. इतके नाजूक रूप इतक्या हीन द्रव्यातून निपजावे, याचे नवल ओसरत नाही.

२०१६ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातही ही शिल्पे मांडली गेली. दुरून मोहविणारी झळझळीत कांती जवळ जाताच आपल्या नित्य वापरातल्या वस्तूंची निघते, आणि प्रेक्षक त्यांतली एकेक वस्तू ओळखू लागतो. तो ओळखीचा क्षण मला कोणत्याही सरकारी अहवालाहून अधिक परिणामकारक वाटतो.