धड्याचा व्हिडिओ : कळा आणि कुलूप

धड्यांचे व्हिडिओ आता आपल्यापैकी अनेक शिक्षक स्वतःच करतात. पण दहा मिनिटांच्या धड्याला रात्र पुरत नाही. बराच वेळ जातो तो माउस इकडून तिकडे ओढण्यात! शॉटकट या मोफत प्रोग्रॅमचेच उदाहरण घेऊ.

कीबोर्डवर जे, के, एल या कळा शेजारीशेजारी आहेत. एल दाबली की चित्र पुढे धावते, जे दाबली की मागे, के दाबली की थांबते. एल पुन्हा दाबा, वेग वाढतो. मध्येच कुठे खोकला आला, फळा पुसणे आले, की त्याच्या आधी एस दाबा आणि नंतर पुन्हा एस. उभी रेघ असते तिथे चित्र तुटते. सुटा झालेला तुकडा निवडून एक्स दाबला, की तो जातो आणि नंतरचे चित्रण अलीकडे सरकून जागा भरून काढते.

खरी मेख इथेच आहे. बोलणे सरकले आणि वरच्या ट्रॅकवरचे नकाशे जागीच राहिले, तर गुरुजी कृष्णेवर आले तरी पडद्यावर गोदावरीच! मुलांनी कोणाचे खरे मानायचे? म्हणून कापण्यापूर्वी 'रिपल ऑल ट्रॅक्स' चालू करावे; मग नकाशेही बरोबर येतात. पार्श्वसंगीत मात्र सलग राहावे, तेव्हा त्या ट्रॅकच्या डोक्याशी असलेले कुलूप आधी लावून घ्यावे. तिथलेच स्पीकरचे चिन्ह दाबले तर संगीत गप्प होते आणि बोलणे नीट ऐकून कापता येते. फाइल बाहेर काढताना ते परत चालू करायला विसरू नका. गप्प केलेला ट्रॅक तयार व्हिडिओतही गप्पच राहतो.