क्षमेचा अधिकार कोणाचा?

क्षमा हे वीराचे भूषण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या वचनातला क्षमाशील पुरुष समर्थ असतो. हाती शस्त्र असून तो ते चालवीत नाही. पण ज्याचे सर्वस्व हिरावले गेले आणि ज्याच्या हाती शस्त्रही नाही, त्याने केलेल्या क्षमेला काय म्हणावे?

२२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्रीनंतर ओडिशातील मनोहरपूर गावी जीपमध्ये झोपलेले ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे फिलिप व टिमथी हे दोन लहानगे मुलगे यांना जमावाने जिवंत जाळले. स्टेन्स १९६५ पासून ओडिशात होते आणि बारीपदा येथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना आपण क्षमा केल्याचे जाहीर केले. उरलेल्या एकुलत्या मुलीला घेऊन मायदेशी निघून जाणे त्यांना अवघड नव्हते. तरीही त्या २००४ पर्यंत बारीपद्यातच राहिल्या आणि पतीचे काम त्यांनी चालू ठेवले.

अशा क्षमेने गुन्हेगारांना बळ मिळते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर ग्लॅडिस यांच्याच भूमिकेत आहे. क्षमा करणे वेगळे आणि गुन्ह्याची कायदेशीर फळे वेगळी, हा विवेक त्यांनी कधी सोडला नाही. खटला रीतसर चालला. २००३ मध्ये मुख्य आरोपीला फाशी सुनावली गेली; २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपच कायम केली. या विधवेने ना फाशीचा आग्रह धरला, ना न्यायाची वाट अडविली.

ख्रिस्ती क्षमेचे मर्म हेच होय. ती केवळ मनाची हळवी अवस्था नव्हे. तिला कृतीची जोड लागते. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घालावे, असे संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले, ते याच अर्थाने. आपल्याला हा विचार परका वाटू नये. ज्ञानदेवांनीही पसायदानात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातील दुष्टपणा जावा, एवढेच मागितले आहे.

मात्र येथे एक धोका संभवतो. ग्लॅडिस यांना २००५ मध्ये पद्मश्री देण्यात आली, ते उचितच झाले. परंतु पीडिताच्या औदार्याचा गौरव करून समाजाने आपली सुटका करून घ्यावी, हे उचित नव्हे. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने घाव सोसला त्याचाच. तो इतरांनी परस्पर वापरू नये, किंवा पीडिताकडून क्षमेची मागणीही करू नये. त्या बाईंनी आपले कर्तव्य केले. ज्या द्वेषाने ती जीप पेटविली, तो पुन्हा पेटू न देणे हे मात्र तुमचेआमचे कर्तव्य आहे, आणि कोणाच्याही क्षमेने त्यातून आपली मुक्तता होत नाही.