वारुळातली देवी आणि ऑलिंपसची देवी

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस नार्वे हे नाव बहुधा एकाच कारणाने परिचित असते. गोव्याच्या डिचोली तालुक्यातील या लहानशा गावी श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे आणि शके १५९० मध्ये, म्हणजे सन १६६८ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याच्या कामास प्रारंभ झाल्याचे तेथील शिलालेख सांगतो. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. सप्तकोटेश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांनी आपल्या नाण्यांवरही कोरविला होता. देवाचे मूळ स्थान मांडवी नदीतील दिवाडी बेटावरचे नार्वे हे होय. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देवालय मोडले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार आणले आणि देवामागोमाग गावाचे नावही या तीरास आले. फेब्रुवारी २०२३ मध्ये जीर्णोद्धारानंतर हे देवालय पुन्हा भाविकांस खुले झाले.

देवाच्या वाट्याला असा शिलालेख आला, नाणी आली, बखरकार आणि इतिहासकार आले. परंतु नार्व्याहून डिचोली-पेडण्याच्या कोणत्याही वाटेने निघावे, म्हणजे ध्यानात येते की या भूमीवर खरे राज्य चालते ते देवींचे. मयेची महामाया, मुळगावची केळबाई, शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, पेडण्याची भगवती आणि गावोगावची सातेरी! पेरणी कधी करावी, कौल कोणाचा घ्यावा, तंटा कोठे मिटवावा, या साऱ्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या यांच्याच साक्षीने ठरत आल्या. त्यांचा इतिहास मात्र बव्हंशी गावकऱ्यांच्या जिभेवर राहिला.

आमच्या घरांतील मुले इंग्रजी शाळांत जातात आणि अथीना, हीरा, डिमीटर यांच्या कथा आवडीने वाचतात. त्यात गैर काहीच नाही. त्या कथा आहेतच सुंदर. पण त्याच मुलांस आपल्या कुलदेवीची कथा विचारली, तर नावापलीकडे फारसे सांगता येत नाही. म्हणून आज आम्ही ग्रीकांच्या देवी आणि गोमंतकाच्या या देवी एकमेकींशेजारी बसवून पाहणार आहोत. श्रेष्ठ कोण आणि कनिष्ठ कोण, हे ठरविण्याचा हेतू नाही. शक्ती म्हणजे दोन्हीकडे काय मानले गेले आणि त्या शक्तीचे पुढे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे.

भूमी आणि सर्प

सातेरी ही मूळची वारुळातली देवी. गोव्यात वारुळास रोयण म्हणतात. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात आजही मूर्तीऐवजी, अथवा मूर्तीच्या मागे, मातीचे वारूळ उभे असते आणि पूजा त्याचीच होते. वारूळ म्हणजे भूमातेने स्वतः वर काढलेले आपले रूप. ते कोणी घडवीत नाही, ते वाढते. त्यात नागाचा वास असतो, म्हणून नागही तिचा राखणदार. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात वारूळ, भूमी आणि मातृदेवता यांचा हा संबंध विस्ताराने उलगडून दाखविला आहे. पुढे अनेक ठिकाणी हीच सातेरी शांतादुर्गा झाली, तिला संस्कृत स्तोत्रे आणि चांदीचे मुखवटे मिळाले. तळाशी माती राहिली ती राहिलीच.

ग्रीकांच्या देवमंडळातही सर्वांआधी भूमी आहे. तिचे नाव गीआ. आकाश, पर्वत आणि सागर हे सारे तिच्यापासून झाले, असे त्यांची पुराणे सांगतात. डेल्फाय येथील जगप्रसिद्ध कौलाचे ठाणे अपोलो या देवाचे म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परंतु ग्रीक परंपराच सांगते की ते मूळचे भूमातेचे होते आणि पायथन नावाचा महासर्प त्याची राखण करीत असे. अपोलोने सर्पास मारले आणि कौलाची गादी घेतली. गोव्यात मात्र देव आले, तरी भूमातेस उठवून कोणी तिच्या जागी बसले नाही. रवळनाथ असो वा भूतनाथ असो, ते सातेरीच्या अवतीभोवती नांदले आणि नागासही कोणी मारले नाही.

अथेन्सच्या अथीनेचा सर्प तर अधिकच जवळचा वाटेल. ही देवी बुद्धीची, विणकामाची आणि युद्धनीतीची. सागरदेव पोसायडन याच्याशी नगराच्या स्वामित्वासाठी तिची स्पर्धा लागली, तेव्हा त्याने खडकातून खाऱ्या पाण्याचा झरा काढला आणि तिने ऑलिव्हचे झाड दिले. नगर तिचे झाले. तिच्या टेकडीवर एक पवित्र सर्प राहतो, अशी अथेन्सवासीयांची श्रद्धा होती व त्याला दर महिन्यास मधाची पोळी वाहिली जाई. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये इराणची सेना चाल करून आली, तेव्हा ती पोळी तशीच पडून राहिल्याचे पुजारणीने सांगितले. देवी टेकडी सोडून गेली असे समजून लोकही नगर सोडण्यास अधिक तत्परतेने निघाले, असे हीरॉडोटस लिहितो. वारुळाशी दुधाची वाटी ठेवणाऱ्या आमच्या आजीला हे वृत्त ऐकून मुळीच नवल वाटले नसते.

रुसलेली माता

ग्रीक देवींमध्ये सत्तेने मोठी कोण, असे विचारले तर पुष्कळ जण हीरेचे नाव घेतील. ती देवराज झ्यूस याची पट्टराणी. पण कवींनी तिच्या मत्सराच्याच कथा अधिक रंगविल्या. आमच्या मते खरी सत्ता गाजविली ती धान्याची देवी डिमीटर हिने.

तिची कन्या पर्सेफनी कुरणात फुले वेचीत असता पाताळाचा राजा हेडीझ याने तिला पळविले आणि या गोष्टीस खुद्द झ्यूसची, म्हणजे मुलीच्या बापाची, संमती होती. नऊ दिवस माता हाती मशाली घेऊन मुलीचा शोध घेत फिरली. सत्य कळले तेव्हा तिने शस्त्र उचलले नाही की शाप उच्चारला नाही. ती देवांची सभा सोडून इल्यूसिस गावी आली, म्हातारीच्या वेषात एका घरी दाई म्हणून राहिली आणि शेवटी आपल्या देवळात जाऊन स्वस्थ बसली. एवढ्यानेच पृथ्वीवर बी रुजेना. नांगर फिरले ते व्यर्थ फिरले. माणसे उपाशी मरू लागली आणि देवांचे नैवेद्य बंद झाले. झ्यूसने एकामागून एक सारे देव तिची समजूत काढण्यास पाठविले. ती उठली नाही. अखेर देवराजास नमावे लागले. पर्सेफनी परत आली; पण पाताळात तिने डाळिंबाचा दाणा खाल्ला होता, म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा तिला तेथे काढावा लागतो.

वज्र हाती असलेल्या देवास जिने केवळ रुसून हरविले, तिची शक्ती कोणती? भूमी देते म्हणून जग चालते. तिने हात आखडता घेतला की राजाचेही काही चालत नाही. डिचोली तालुक्यातील शेतकऱ्यास ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. शिरगावासारख्या गावांभोवती लोहखनिजाच्या खाणी आल्या. शेते गाळाने भरली आणि विहिरी आटल्या, ही तक्रार तेथील लोक वर्षानुवर्षे करीत आले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणी थांबविल्या. पुढे तालुक्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाणीवर अनेकांचे पोट आहे, हेही खरे. पण ज्या भूमीस आपण देवी म्हणतो तिच्या सहनशीलतेलाही सीमा असते, एवढे या ग्रीक कथेतून घ्यावे.

सात बहिणी

लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई या बहिणी होत, असे गोव्यात मानतात. एकूण बहिणी सात आणि भाऊ एक, खेतोबा. ही भावंडे फिरत फिरत मये गावी आली. एकदा बहिणींनी खेतोबास विस्तव आणावयास पाठविले. तो वाटेत मुलांचा खेळ पाहत रमला. उशीर झाला म्हणून संतापलेल्या लईराईने भावास लाथ मारली. राग ओसरताच तिला पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालत गेली. भाऊ वायंगिणीस जाऊन राहिला. बहिणींनी आपापली गावे धरली. गावागावांत तपशील बदलतो, पण कथेचा गाभा हाच.

वैशाख शुद्ध पंचमीस शिरगावास लईराईची जत्रा भरते ती याच प्रायश्चित्ताची. व्रतस्थ भक्तांस धोंड म्हणतात. ते काही दिवस सोवळ्याने राहून उपवास करतात, तळीत स्नान करतात, हाती रंगीत लोकरीच्या गोंड्यांनी सजविलेली वेताची काठी धरतात आणि उत्तररात्री पेटलेल्या होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून देवीचे नाव घेत धावत जातात. मोगऱ्याच्या कळ्यांनी सारा गाव दरवळतो. २०२५ च्या मे महिन्यात याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविकांचे प्राण गेले. गर्दी किती वाढली आहे आणि वाटा किती अरुंद राहिल्या आहेत, याचा विचार करण्याचे काम देवीने नव्हे, माणसांनीच करावयाचे आहे.

ऑलिंपसच्या देवी रागावतात तेव्हा शिक्षा दुसऱ्यास होते. अथीनेशी विणकामाची पैज लावणारी अराक्नी कोळी होऊन बसते. हीरेच्या रोषाने कित्येक निरपराध स्त्रिया रानोमाळ भटकतात. लईराई रागावली, पण निखाऱ्यांवरून चालली ती स्वतः. शक्तिमान व्यक्तीने आपल्या अपराधाचे शासन आपल्यालाच द्यावे, हा विचार ज्या खेड्यांनी जपला त्यांस आम्ही अडाणी म्हणत आलो, याचे आश्चर्य वाटते.

या बहिणींपैकी एकीचे नाव मिराबाई. ती म्हापशास गेली आणि ख्रिस्ती झाली, असे लोक सांगतात. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण ती हीच. ईस्टरनंतर तिचे फेस्त भरते, तेव्हा हिंदू भाविकही तेल व फुले घेऊन रांगेत उभे असतात. आणि शिरगावच्या व म्हापशाच्या या दोघी बहिणी एकमेकींस तेल व मोगरा पाठवितात, अशी श्रद्धा दोन्हीकडे नांदते. धर्म बदलला तरी बहीण बहीणच राहिली. धर्मांतराच्या कठीण काळानंतर शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी कसे नांदावे, याचे उत्तर गोव्याच्या सामान्य जनतेने एका नात्यात शोधून ठेविले.

पूजा गेली, कथा राहिली

ग्रीक देवींचे पुढे काय झाले? इसवी सन ३९१-९२ मध्ये सम्राट थिओडोशियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. इल्यूसिसचे स्थान उद्ध्वस्त झाले. अथेन्सचे पार्थेनॉन आधी कुमारी मेरीचे चर्च झाले, नंतर मशीद झाले आणि १६८७ च्या युद्धात तोफेच्या माऱ्याने त्याचा मधला भाग उडाला.

तरीही खेड्यांतील श्रद्धा सहजी मरत नाही. इल्यूसिसच्या शेतकऱ्यांनी डोक्यावर पाटी धरलेली एक जुनी, भंगलेली पाषाणमूर्ती धान्याची माता म्हणून जपली होती. पीक चांगले येते ते तिच्यामुळे, अशी त्यांची समजूत. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने गावकऱ्यांचा विरोध असताना ती मूर्ती उचलली. ती वाहून नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले. मूर्ती मात्र वर काढण्यात आली आणि आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात उभी आहे. तिच्यासमोर आता धान्य कोणी ठेवीत नाही.

कथा मात्र राहिली आणि तीही केवढ्या योगायोगाने! डिमीटरचे जे प्राचीन स्तोत्र आज साऱ्या जगात वाचले जाते, त्याची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक होती. ती १७७७ मध्ये मॉस्को येथे सापडली. ती सापडली नसती, तर त्या मातेच्या रुसव्याचे ते सर्वांगसुंदर वर्णन जगास पारखे झाले असते.

आमची स्थिती नेमकी उलट आहे. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. तोवर धर्मच्छळाची पहिली लाट ओसरली होती, म्हणून येथील देवी आपापल्या जागी राहिल्या. आजही त्यांच्यापुढे दिवा लागतो, कौल लागतो, जत्रा भरते. पूजा जिवंत आहे. कथा मात्र कागदावर फार थोडी उतरली आहे. ती सांगणाऱ्या वृद्धा एकेक करून जात आहेत.

विस्तव बरोबर नेणारे

ग्रीकांची आणखी एक देवी आहे, हेस्टिया. ती चुलीची देवी. तिच्या पराक्रमाच्या कथा जवळजवळ नाहीतच. पण नैवेद्याचा पहिला वाटा तिचा. ग्रीक लोक नवी वसाहत स्थापण्यास समुद्रापार निघत, तेव्हा मातृनगरीच्या अग्निकुंडातील विस्तव बरोबर नेत आणि नव्या नगरीचे कुंड त्यानेच पेटवीत.

बेळगाव, कारवार, बडोदे, इंदूर, तंजावर येथे गेलेल्या आमच्या पूर्वजांनी वेगळे काय केले? त्यांनी देवघरात देवीचा टाक ठेविला, वर्षातून एकदा ओटी भरली आणि जमेल तेव्हा मूळ गावी नारळ पाठविला. त्या टाकाबरोबर जी कथा आली होती ती आता कोणाच्या स्मरणात आहे, हे प्रत्येक घराने एकदा पाहावे. घरातील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून देवीचे गाव कोणते, बहिणी कोण, रुसली का आणि प्रसन्न कशी झाली, हे विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ठेवावे. एका हस्तलिखिताने डिमीटरची कथा तगली. घरोघरी एकेक वही झाली, तर आमच्या देवींस मॉस्कोच्या योगायोगाची वाट पाहावी लागणार नाही.