बिनपैशाचा जागल्या

अड्याळच्या शिवारात धान भरात आला की रात्री जागलीला जावे लागते. रानडुकरांचा कळप एकदा बांधीत शिरला तर रोवणीपासूनची सगळी मेहनत एका रात्रीत लोळवून जातो. म्हणून माणूस मचाणावर बसतो आणि पानांची सळसळ झाली तरी कान टवकारतो.

आता समजा, त्याच गावातल्या एका घरात लॅपटॉप आहे. घरातली मुलगी भरतीचा अर्ज छापायला पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेली, परत आली आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. त्यातून एक पाहुणा आत शिरू पाहतो. तो काही मोडत नाही आणि पुसतही नाही. त्याला फक्त बघायचे असते: मुलीने दाबलेली प्रत्येक कळ, बाबांच्या बँकेचा पासवर्ड, आधारच्या फोटोची फाइल. बघितलेले सगळे तो गुपचूप बाहेर पाठवणार असतो. अशा हेराला स्पायवेअर म्हणतात. पण आत पाऊल टाकताच कुणीतरी त्याचे मनगट धरते. या जागल्याला त्या घराने एक रुपयाही दिलेला नसतो, तो विंडोजबरोबरच घरात आलेला असतो. त्याचे नाव डिफेंडर.

फुकटचा जागल्या खरेच राखण करतो का? करतो, आणि चांगली करतो. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट नावाची संस्था अशा सॉफ्टवेअरची कसून परीक्षा घेते. तिथे संरक्षणासाठी सहापैकी गुण देतात, आणि डिफेंडरने अनेक फेऱ्यांत सहाच्या सहा मिळवले आहेत. हे त्याला जमते कसे, ती गोष्ट मात्र गुणांपेक्षा कितीतरी भारी आहे.

सुरुवात अंगठ्यापासून करू. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा टेकवला की माणूस ओळखला जातो. फाइललाही असा अंगठा असतो! कोणतीही फाइल घ्या, चार ओळींचा अर्ज किंवा तीन तासांचा सिनेमा. तिच्यावर एक ठरलेले गणित चालवले की ६४ चिन्हांचा एक ठसा बाहेर पडतो. अर्जातला एक अनुस्वार बदला, ठसा अथपासून इतिपर्यंत बदलतो. असे किती वेगळे ठसे शक्य आहेत? ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात. जागल्याकडे पकडलेल्या चोरांच्या ठशांची वही असते. नवी फाइल आली की तिचा ठसा काढायचा, वहीत शोधायचा आणि जुळला तर दार बंद. छोट्या फाइलीसाठी तुमच्या पापणीची उघडझाप व्हायच्या आत हे उरकलेले असते.

पण चोराला हे ठाऊक असते ना. एक अनुस्वार बदलला की ठसा बदलतो, मग तो दर घरी नवा अनुस्वार लावून जातो. एव्ही-टेस्टच्या दप्तरी रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नकोशा प्रोग्रामांची नोंद होते. रोज! त्यांतले पुष्कळसे जुनेच चोर नव्या टोपीत आलेले असतात. इतकी वही कोण लिहिणार आणि कधी वाचणार?

इथे जागल्याला निंदणाची युक्ती वापरावी लागते. बांधीत एक गवत उगवते, ते हुबेहूब धानासारखे दिसते. अनुभवी बाई पान बघून थांबत नाही. ती बुंधा बघते, पान जिथून फुटते तो सांधा चाचपते, वाढ कशी आहे ते पाहते. डिफेंडरही तसाच प्रोग्रामची चाल पाहतो. हा स्वतःला गणकयंत्र म्हणवतो, मग कीबोर्डवर कान का लावून बसला आहे? फोटो दाखवायला आलेल्याने स्वतःची प्रत सिस्टीमच्या फोल्डरमध्ये का लपवली? लॅपटॉप सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी व्यवस्था याने कुणाला विचारून केली? एकेका गोष्टीने काही सिद्ध होत नाही, पण शंका साठत जाते. कधी कधी तर संशयिताला आधी एका खोट्या कॉम्प्युटरमध्ये चालवून पाहतात. स्मृतीत उभारलेले ते नाटकाचे नेपथ्य असते. तिथे चोर मोकळेपणी चोरी करतो, आणि खऱ्या घराचे दार त्याला कधी दिसतच नाही.

मग असा जागल्या घडवता येईल का, जो कधीच चुकणार नाही? फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने १९८०च्या दशकात या प्रश्नाचे उत्तर गणिताने दिले. उत्तर आहे, नाही. मला हा युक्तिवाद संगणकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतो, आणि तो कळायला गणित लागतच नाही. समजा कुणी म्हणाले, ‘माझा जागल्या अचूक आहे.’ मी एक प्रोग्राम लिहितो. तो आधी त्याच जागल्याला विचारतो, ‘मी चोर आहे का?’ जागल्या ‘हो’ म्हणाला, तर माझा प्रोग्राम हात जोडून शांत बसतो, कशालाही हात लावत नाही. ‘नाही’ म्हणाला, तर लगेच चोरी करतो. जागल्याने काहीही उत्तर दिले तरी ते खोटेच ठरते! हा नियम फुकटच्या जागल्याला लागू आहे आणि हजारो रुपयांच्या जागल्यालाही तितकाच लागू आहे. अचूकता विकत मिळत नाही, कारण ती अस्तित्वातच नाही.

चूक उलट्या बाजूनेही होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरने एका अपडेटनंतर विंडोज एक्सपीचीच एक अत्यावश्यक फाइल चोर समजून कोंडून ठेवली. जगभरचे अनेक कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होत राहिले. तण उपटता उपटता धान उपटू नये, हे किती अवघड काम आहे बघा.

आता माझ्या मनात खूप दिवस घोळलेला प्रश्न: हे सगळे फुकट का? २००४च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने न्यूयॉर्कमधली जायंट नावाची एक छोटी कंपनी विकत घेतली. तिचे हेर पकडणारे सॉफ्टवेअर २००५च्या जानेवारीत चाचणीसाठी सगळ्यांना मोफत दिले. तेच पुढच्या वर्षी विंडोज डिफेंडर झाले, आणि २०१२च्या विंडोज ८पासून ते हेरांबरोबर व्हायरसही पकडू लागले. फुकट देण्यामागचे कारण सरळ दिसते: हेरांनी पोखरलेला कॉम्प्युटर रडतखडत चालला की लोक विंडोजलाच बोल लावतात. घर बांधणाऱ्यानेच दाराला कडी बसवून द्यावी, तसे हे झाले.

पण खरी ताकद गर्दीत आहे. ६ मार्च २०१८ रोजी डोफॉइल नावाच्या घातक प्रोग्रामाने एकदम धाड घातली. लोकांच्या मशीन आणि वीज वापरून आभासी चलन काढायचे, असा त्याचा बेत होता. पहिल्या काही मशीनवर त्याची चाल संशयास्पद दिसताच खबर दूरच्या सर्व्हरकडे गेली, निर्णय झाला आणि तो सगळीकडे पोचला. डिफेंडरने आधी ८० हजारांहून अधिक आणि पुढच्या १२ तासांत चार लाखांहून अधिक हल्ले अडवले. एका मचाणावरच्या हाकेने सारे शिवार जागे व्हावे, तसे. अड्याळमधला लॅपटॉपही या शिवारातले एक मचाण आहे. तो राखण घेतो आणि खबर देतो. फुकटपणाचा मोबदला बराचसा त्या खबरीत असतो.

या क्षेत्रात आपल्या मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. ती गोष्ट मात्र लाहोरपासून सुरू करू. कॉम्प्युटरवरच्या पहिल्या गाजलेल्या व्हायरसांपैकी एक, ‘ब्रेन’, १९८६मध्ये तिथल्या दोन भावांनी लिहिला. त्यात त्यांनी आपले नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता! पुढच्या दशकात पुण्यात दुसरे दोन भाऊ उभे राहिले. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळलेले. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसने आजारी असत, म्हणून धाकट्या संजयने त्यावर औषध लिहायला घेतले. त्यातून क्विक हील उभी राहिली. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरसाठीचे मोफत सफाईचे साधन याच पुण्याच्या कंपनीने दिले. सोबत सी-डॅक या सरकारी संस्थेचे ‘यूएसबी प्रतिरोध’ होते, नेमके पेनड्राइव्हवर लक्ष ठेवणारे. झेरॉक्सच्या दुकानातून येणाऱ्या पाहुण्याचा विचार इथे आधीच झाला होता.

मात्र प्रत्येक फुकट गोष्ट जागल्या नसते. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ३८ व्हायरस सापडले, इथे दाबा’ असे लाल अक्षरांत ओरडणारी खिडकी बहुतेक वेळा स्वतःच चोर असते. आणि नावाजलेल्यांकडेही खबर कुठवर जाते ते पाहावे लागते. अवास्ट हे जगभर वापरले जाणारे मोफत अँटीव्हायरस. लोक कोणत्या साइट पाहतात याची माहिती त्यांची उपकंपनी विकत होती, हे २०२० साली उघड झाले. २०२४मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हे वाचून मी सुन्न झालो होतो, कारण राखणीला ठेवलेला माणूसच शिवाराच्या वाटा विकत होता.

घरच्या कॉम्प्युटरसाठी माझे मत स्पष्ट आहे. डिफेंडर चालू आणि ताजा असेल, तर आणखी एक सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज बहुतेक घरांना नाही. पैसे देऊन मिळते ते प्रामुख्याने फोनवरची मदत आणि जादा सोयी. पण ताजेपणाला पर्याय नाही. विंडोज १०ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली, त्यामुळे जुन्या लॅपटॉपच्या भिंतीलाच भोके राहतात. शिवाय फोनवर कुणी सांगितले म्हणून तुम्ही स्वतः ‘परवानगी द्या’वर बोट टेकवले, तर जागल्याला वाटते घरधन्यानेच पाहुणा बोलावला.

आज रात्री जेवणानंतर दोन मिनिटे काढा. लॅपटॉपवर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, हिरवी खूण आहे का बघा आणि शेवटचे अपडेट कोणत्या तारखेचे आहे ते वाचा. तारीख जुनी असेल, तर इंटरनेट जोडून तिथेच अपडेटचे बटण दाबा. मगच तो पेनड्राइव्ह लावा.