जागचे न हललेले मुहम्मद अली

मुष्टियुद्धात सर्वांत वरच्या वजनगटाला हेवीवेट म्हणतात, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये सॉनी लिस्टन यांना हरवून या गटाचे जगज्जेतेपद पटकावणाऱ्या कॅशियस क्ले यांनी लगेचच इस्लामचा स्वीकार जाहीर करून मुहम्मद अली हे नाव धारण केले. जन्मनाव हे गुलामीच्या काळाचे ओझे आहे, अशी त्यांची धारणा होती. धर्मांतर हा आत्मसन्मानाचा उच्चार कसा ठरतो, हे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा जाणणाऱ्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

त्या काळी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती चालू होती. भरतीकेंद्रात नाव पुकारताच एक पाऊल पुढे टाकणे म्हणजे सैनिक होणे मान्य करणे, असा संकेत होता. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टनमध्ये अली यांचे जुने नाव वारंवार पुकारले गेले, पण धर्मश्रद्धा युद्धाला संमती देत नाही, या भूमिकेवर ठाम असलेले अली जागचे हलले नाहीत. किताब गेला, परवाना गेला, जूनमध्ये पाच वर्षांची कैद व दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली, आणि अपिलामुळे तुरुंग टळला तरी ऐन उमेदीची साडेतीन वर्षे ते रिंगणाबाहेर राहिले. २८ जून १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. १९७४ मध्ये किन्शासा येथे जॉर्ज फोरमन यांना नमवून अली यांनी जगज्जेतेपद पुन्हा मिळवले, मात्र त्यांच्या पायांतली ती जुनी चपळाई परत आली नाही.