ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं इंदरगंज. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हवा अंगापेक्षा तापली, की शरीराला फक्त घामाचा आधार उरतो. एक लिटर घाम सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण घामासाठी पाणी आणि मीठ हवं, शिवाय सावलीतली विश्रांती हवी. हातगाडीवाल्याला ती परवडत नाही. स्वच्छतागृह जवळ नसलं, की विक्रेत्या बायका पाणीच कमी पितात. मला हे सर्वांत जास्त बोचतं, कारण तिथूनच मूत्रपिंडावर ताण सुरू होतो. रात्री पत्र्याखाली शरीर निवतही नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा उपजीविकेला संरक्षण देतो. महापालिकेनं बाजारात सावली, पाणी आणि स्वच्छतागृहंही द्यावीत. दुकानदारांनो, तोवर दारात माठ ठेवा.