युरोपचा ‘जंगलतोडमुक्त’ नियम: कोणता शेतमाल त्यात येतो, कोणता नाही?

“सर, आमच्या द्राक्षाच्या कंटेनरलाही आता जंगलाचा दाखला लागणार का?” शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या एका प्रशिक्षणात हा प्रश्न आला. उत्तर ‘नाही’ असे आहे. त्याच सभागृहात मागे बसलेल्या सोयाबीन उत्पादकांनी मात्र काहीच विचारले नाही. खरे तर प्रश्न त्यांचा होता.

युरोपीय संघाचा हा नियम २०२३ चा आहे. व्यापारात त्याला ‘ईयूडीआर’ म्हणतात. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून शेतीखाली आणलेल्या जमिनीवरचा ठरावीक माल युरोपात विकता येणार नाही. शिवाय तो माल उत्पादक देशाच्या कायद्यानुसार पिकवलेला हवा. ज्या जमिनीवर तो पिकला तिचे अक्षांश-रेखांश आयातदाराने नोंदवायचे आहेत.

सात मूळ वस्तू, पण यादी कोडची

गोवंशीय जनावरे, कोको, कॉफी, ऑइल पाम, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात वस्तू नियमात येतात. द्राक्ष, आंबा, डाळिंब, कांदा, केळी, हळद, कापूस, साखर, काजू यांपैकी काहीही त्यात नाही.

मात्र ‘सोयाबीनचे सगळे पदार्थ आले’ असे समजू नका. नियमाच्या परिशिष्टात सीमाशुल्काचे कोड दिले आहेत. कोड यादीत असेल तरच नियम लागू होतो. सोयाबीनमध्ये दाणे (१२०१), पीठ (१२०८ १०), तेल (१५०७) आणि पेंड (२३०४) एवढेच आहे. सोया सॉस नाही. सोयापेंड खाऊन वाढलेली कोंबडीही नाही. गाईचे कातडे आणि कमावलेले चामडे २०२३ च्या यादीत आहे, पण चामड्याची चप्पल नाही. म्हणजे कोल्हापुरी सुटली. कॉफीचे बी आणि भाजलेली कॉफी आहे, इन्स्टंट कॉफी त्या मूळ यादीत नव्हती. टायर आहेत. लाकडी फर्निचर, प्लायवूड, कोळसा, कागद आहे, बांबू नाही. छापील पुस्तके आधी होती, डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीत ती वगळली. यादी अशी बदलते, म्हणून सौदा करण्यापूर्वी निर्यातदाराकडून कोड तपासून घ्यावा.

द्राक्षवाल्यांची एक शंका रास्त होती: पुठ्ठ्याचे खोके आणि लाकडी पॅलेट यांचे काय? दुसरा माल वाहण्यासाठी किंवा सांभाळण्यासाठी वापरलेले पॅकिंग नियमात धरत नाहीत. तेच पॅलेट स्वतंत्र माल म्हणून विकले तर मात्र धरतात.

सोयाबीन: जमीन जुनी, पण पुरावा कुठे?

विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या वहितीखाली असलेल्या जमिनीवर येते. भारतात जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, त्यामुळे युरोपातले काही खरेदीदार आपली पेंड मुद्दाम घेतात. जंगलतोडीचा प्रश्न बहुतेकांना लागूच नाही. अडचण दुसरीच आहे. बाजार समितीत शंभर जणांचा माल एका ढिगात जातो, तिथून प्लांटच्या गोदामात. त्या पेंडीतला दाणा कोणत्या गटातला, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. आणि या नियमात ठिकाण माहीत नसलेला माल माहीत असलेल्या मालात मिसळता येत नाही. यादीतल्या एका प्लॉटवर जंगलतोड निघाली तरी सगळी खेप अडचणीत येते.

त्यामुळे माझ्या मते हे काम एकट्या शेतकऱ्याचे नाही, उत्पादक कंपनीचे आहे. सभासदांचा माल वेगळा साठवा, पावतीवर गट क्रमांक लिहा. जमिनीचे टिपण सोपे आहे: प्लॉट ४ हेक्टरपर्यंत असेल तर एकच बिंदू पुरतो, फक्त अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सहा अंकांपर्यंत हवेत. मोबाइलवर ते मिळतात. त्याहून मोठ्या प्लॉटची पूर्ण हद्द आखावी लागते. सोबत सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद ठेवा. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची प्रत आवर्जून जोडा. उपग्रह चित्रात ती जमीन जंगलाला लागून दिसते आणि शंका तिथेच घेतली जाते.

मे २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने भारताला ‘कमी जोखमीचा’ देश ठरवले. त्यामुळे आयातदाराला जोखमीचे सविस्तर मूल्यमापन करावे लागत नाही आणि तपासणीही कमी होते. पण अक्षांश-रेखांशाची अट सुटलेली नाही. इथे अनेकांची गफलत होते.

कोकणातले रबर

सोयाबीनमध्ये कागद नाहीत ही अडचण, तर सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात, प्रश्न खुद्द जमिनीचा आहे. तिथे खासगी जंगल तोडून रबर लावल्याची उदाहरणे आहेत. ‘झाडे तोडून झाडेच लावली’ हा युक्तिवाद युरोपात चालत नाही, कारण रबराची बाग शेतीच धरतात. अर्ध्या हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्र, ५ मीटरपेक्षा उंच झाडे आणि १० टक्क्यांहून अधिक छत्र असलेली, शेतीखाली नसलेली जमीन म्हणजे जंगल, अशी त्यांची व्याख्या आहे. मालकी खासगी असली तरी ती बदलत नाही. २०२० अखेरीपूर्वी लावलेली बाग असेल तर लागवडीचे वर्ष दाखवणारा कागद जपून ठेवा. त्याच डोंगरावर काजू लावला असता तर हा नियम लागू झाला नसता, हे विचित्र आहे, पण आहे.

अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. डिसेंबर २०२५ च्या दुरुस्तीनुसार मोठ्या आणि मध्यम आयातदारांना ३० डिसेंबर २०२६ पासून, तर सूक्ष्म आणि लहान उद्योगांना ३० जून २०२७ पासून तो लागू होईल. २०२६ च्या खरिपातल्या सोयाबीनची पेंड त्यानंतर युरोपात गेली तर तिच्यासोबत प्लॉटची माहिती लागेल. ती काढणीच्या वेळी घेतली नाही तर नंतर मिळत नाही.